दोघींपैकी कुठली बी

रविराज दारात बूट काढून आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला, तेव्हाच करुणाला वाटलं, हा काहीतरी मागायला आलाय. लोकसभेचा प्रचार ऐन रंगात होता. रविराज पक्षाचा तालुक्यातला तरुण पदाधिकारी. गल्लीतली गटार त्यानंच करून दिली होती. ते तो कधी बोलून दाखवत नसे, त्यामुळं ते जास्तच लक्षात राहायचं.

"ताई, तुमच्या वरच्या खोलीत त्या मणिपूरच्या पोरी राहत्यात न्हवं?"

"हो, दोघी. नर्सिंगला आहेत."

"त्यातली एक पायजे. रविवारी इंदापूरला सभा हाय. दिल्लीचे साहेब येणार, मणिपूरवर बोलणार. तिकडची एक पोरगी स्टेजवर उभी राहिली, दोन शब्द बोलली, का बास. सगळ्या देशात जातंय बघा."

"कुठली?"

"म्हंजे?"

"दोघींपैकी कुठली पाहिजे?"

रविराज हसला. "कुठली बी चालंल की."

करुणानं चहाचं निमित्त काढलं आणि आत गेली. एका खासगी दवाखान्यात वीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई, तिला रक्ताची भीती नव्हती. पण चहात साखर तिनं दोनदा घातली. वर राहणाऱ्या त्या दोन मुलींमध्ये काय फरक आहे, हे अख्ख्या बारामतीत तिच्याइतकं कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गल्लीला दोघी सारख्याच दिसायच्या. दुकानदार दोघींनाही 'नेपाळी' म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या एकाच रिक्षातून उतरल्या होत्या, एकमेकींच्या खांद्यावर रेलून हसत. किम डोंगरातल्या कुकी लोकांची, ख्रिश्चन. पण वाढलेली इंफाळ शहरात, त्यामुळं लिंथोईची भाषा तिला पाण्यासारखी यायची. लिंथोई खोऱ्यातल्या मैतेईंची, कृष्णाला मानणारी; कपाळावर चंदनाची बारीक रेघ ओढून कॉलेजला जायची. दोघींचा एक स्टोव्ह, एक बादली, एक छत्री. लिंथोईची आई घरून वाळवलेले मासे पाठवायची. त्यांचा वास खालपर्यंत यायचा. करुणाचा नवरा संघपाल नाकाला रुमाल लावायचा, आणि दोघी जिन्यात बसून पोट धरून हसायच्या.

मग मागच्या वर्षी मे महिन्यात दोघी सुट्टीला घरी गेल्या आणि तिकडं पेटलं. कुकी आणि मैतेई एकमेकांच्या वस्त्या जाळायला लागले. दोन महिने दोघींचाही पत्ता नव्हता. जुलैत किम परतली, मिझोरामवरून, डोंगरातल्या रस्त्यांनी. तिचं इंफाळमधलं घर मैतेई जमावानं जाळलं होतं. आई आणि भाऊ निर्वासितांच्या छावणीत होते, वडील बेपत्ता. चार दिवसांनी लिंथोई परतली, इंफाळहून विमानानं. पायथ्याच्या गावातलं तिचं घर कुकी जमावानं जाळलं होतं; आईवडील आता इंफाळात भाड्यानं राहत होते.

दोघी त्याच खोलीत राहिल्या. वर्षाचं भाडं भरलेलं होतं, आणि बारामतीत त्यांना दुसरी खोली कुणी देत नव्हतं. मधे एक ओढणी दोरीवर टाकली. भांडण नाही, रडणं नाही. एकही शब्द नाही.

करुणाला त्या शांततेचीच भीती वाटायची. पहिल्याच आठवड्यात ती वर गेली आणि "धार लावून आणते" म्हणत त्यांची भाजीची सुरी खाली घेऊन आली. परत दिली नाही. तेव्हापासून भाजी चिरायची असली की दोघींपैकी एक खाली यायची, सुरी मागायची, काम झालं की धुऊन परत आणून द्यायची. आंटीनं असं का केलं, हे कुणीच विचारलं नाही. ते न विचारणं करुणाला जास्त लागायचं.

चहा पिऊन रविराज गेला. संध्याकाळी तिनं संघपालला सगळं सांगितलं.

"मुलींना काही बोलू नकोस," संघपाल म्हणाला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता आणि त्याची निवडणुकीची ड्यूटी लागली होती. "आपण खोली भाड्यानं दिलीय, राजकारण नाही. आणि मी सरकारी माणूस. उद्या कुणी तक्रार केली तर?"

"रविराजला नाही कसं म्हणायचं?"

"अगं, मुली परीक्षेच्या अभ्यासात आहेत म्हणायचं. झालं."

करुणाला आपल्या लहानपणचा एक प्रसंग आठवला. इंदापूर तालुक्यातल्या तिच्या गावी मंत्री येणार होते. हार घालायला 'त्यांच्यातली एक मुलगी' हवी, असं ठरलं आणि बौद्ध वस्तीतून तिला नेलं. नवा फ्रॉक घातला होता. मंत्र्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून समतेवर भाषण केलं. कार्यक्रम संपल्यावर तिला तहान लागली, तर एका बाईनं सांगितलं, पोरी, आता घरी जाऊन पी. आईला हे सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "हार घालताना कुणी विचारलं होतं का तुला, घालतीस का म्हणून?"

तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता तीही या दोघींना विचारत नव्हती. संरक्षण करायचं म्हणून का होईना, ठरवत तीच होती. हा विचार तिनं मागं सारला.

पण रविराज थांबणाऱ्यातला नव्हता. त्यानं कॉलेजच्या फाटकावर किमला गाठलं. एव्हाना त्याला कुणीतरी फरक समजावून सांगितला असावा, कारण आता त्याला कुठलीही चालणार नव्हती, ख्रिश्चनच हवी होती.

त्या दिवशी किम खाली आली. "आंटी, मी रविवारी जाणार आहे," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली.

"कशाला गं? तुझा चेहरा सगळीकडं जाईल. तुझी आई छावणीत आहे."

"म्हणूनच जाते. वर्ष झालं. माझ्या वडिलांचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही. पोलिसांत दिलं, घेतलं नाही. तिथल्या आमदाराला दिलं, त्यानं घेतलं नाही. माईकवरून मी घेईन. कुणीतरी ऐकेल."

"आणि लिंथोई?"

किमनं जिन्याकडं पाहिलं. "ती जाऊ नको म्हणाली."

"बोलली ती तुझ्याशी?"

"भिंतीकडं बघून बोलली. म्हणाली, तिथं तुझा बाप हरवल्याचं सांगशील, माझं घर जळाल्याचं सांगणार आहेस का? मी म्हटलं, ते तू सांग. तुलाही बोलावणारे आहेत की." किम करुणाकडं वळली. "आहेत, आंटी. दुसऱ्या पक्षाचा फोन आला होता तिला. तिनं ठेवून दिला."

रविवारी करुणा किमबरोबर गेली. एकटीला पाठवणं तिच्यानं झालं नाही. रविराजनं गाडी पाठवली होती. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे मागं पडलं. दोन्ही बाजूला उसाचे खोडवे, मधेच केळी, आणि प्रत्येक चौकात फ्लेक्स. किमच्या हातात रविराजनं दिलेला हिंदी मजकूर होता. ती ओठ हलवून वाचत होती.

इंदापूरचं मैदान दुपारपासून भरत होतं. मंडपाखाली उकाडा मावत नव्हता. स्टेजच्या मागं करुणाला एका कोपऱ्यात उभं केलं. साहेब आले, टाळ्या झाल्या, तुताऱ्या वाजल्या. मग निवेदक माईकवर ओरडला, "आणि आता आपल्यासमोर येतेय अन्यायाच्या आगीतून आलेली, मणिपूरची आपली मैतेई भगिनी!"

किम माईकपाशी गेली. तिनं माईक खाली ओढला. मग म्हणाली, "मी कुकी आहे."

"हां, हां," निवेदक हसून म्हणाला, "आपली कुकी भगिनी! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. करुणाला दिसलं, किमनं हातातल्या कागदाची घडी केली. मजकूर न वाचता ती बोलायला लागली, तुटक, थांबत थांबत.

"माझ्या वडिलांचं नाव पाओखोलेन. ते शाळेत गणित शिकवायचे. ज्या संध्याकाळी आमचं घर जळालं, त्यानंतर ते दिसले नाहीत. जिवंत असतील तर मला सांगा. नसतील तर तेही सांगा. माझ्या खोलीत माझी मैत्रीण राहते. ती मैतेई आहे. तिचंही घर जळालं. ते आमच्या लोकांनी जाळलं."

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. रविराजच्या कपाळावर मात्र आठी आली. शेवटची वाक्यं मजकुरात नव्हती.

साहेब उठले. त्यांनी किमच्या डोक्यावर हात ठेवला. करुणानं नजर खाली घातली. साहेब छान बोलले. मणिपूरची लेक ती देशाची लेक म्हणाले, दिल्लीतल्या सरकारला जाब विचारला, शेवटी कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. पाओखोलेनचं नाव त्यांनी घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर किमनं विचारलं, "आंटी, साहेबांनी नाव लिहून घेतलं असेल ना?"

करुणा उत्तर जुळवत होती, तेवढ्यात संघपालचा फोन आला. त्याचा आवाज चढलेला होता. "कुठं आहात? लवकर या. नाही, थांबा, किमला घेऊन सरळ घरी येऊ नका. तिला तुझ्या मैत्रिणीकडं सोड. घरी माणसं येऊन गेली."

सभेतल्या किमच्या भाषणाचा तुकडा तासाभरात मोबाईलवर फिरला होता. कुणीतरी त्यातली मैत्रिणीची वाक्यं कापली होती. कुकींवर होणारा नेहमीचा आरोप दुसऱ्या कुणीतरी त्याखाली लिहिला होता, 'म्यानमारची घुसखोर बारामतीत. घरमालक कोण?' आणि गल्लीतल्याच महिपतीनं त्याखाली घर सांगितलं होतं. महिपती वाईट माणूस नव्हता. कोजागरीला दोन्ही मुलींना त्यानं दूध पाजलं होतं. पण सध्या तो दुसऱ्या पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात होता, आणि गटात काहीतरी टाकावं लागतं.

महिपतीबरोबर आठ-दहा पोरं आली तेव्हा संघपाल किराणा आणायला गेला होता. दार उघडलं लिंथोईनं.

"हीच ती," एकजण म्हणाला आणि मोबाईलचा कॅमेरा सुरू करून तिच्या तोंडासमोर धरला.

"मी नाही. ती दुसरी," लिंथोई म्हणाली.

"दुसरी म्हणं! मगाशी भाषण ठोकलं आन् आता दुसरी? तू ख्रिश्चन ना गं?"

"हिंदू. मी हिंदू आहे."

"मग देवाचं काहीतरी म्हणून दाखव."

लिंथोईनं हात जोडले. तिच्या आजीनं शिकवलेलं कृष्णाचं कीर्तन ती म्हणायला लागली, तिच्या स्वतःच्या भाषेत. तिला तेवढंच पाठ येत होतं. पोरांना एक शब्द कळला नाही. कुणीतरी हसलं. "ही कुठली भाषा रं? चायनाची का?" लिंथोई थांबली नाही. थांबलं तर काय होईल, ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणत राहिली. शेवटी महिपतीलाच लाज वाटली असावी. "चला रं, बास झालं," तो म्हणाला, आणि पोरं गेली. संघपाल आला तेव्हा ती उंबऱ्यातच बसली होती, हात अजून जोडलेले.

करुणानं किमला दवाखान्याजवळच्या मैत्रिणीकडं ठेवलं आणि घरी आली. लिंथोई वर खोलीत ओढणीच्या तिच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसली होती. करुणा शेजारी बसली. मग तिचे पाय चेपायला लागली.

"आंटी," लिंथोई म्हणाली, "मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही."

सकाळी रविराज आला तो खुशीत होता. "ताई, दीड लाख लोकांनी बघितलं! दिल्लीवरनं फोन आला. आन् त्या पोरांनी केलं ते लई वाईट केलं बरं का. आपण सोडणार न्हाय त्यांना. मी काय म्हंतो, बुधवारी बारामतीत आपली पदयात्रा हाय. त्यात ही दुसरी पोरगी पण आली तर? दोघी हातात हात घालून. फोटो असा येईल ना—"

"रविराज," करुणा म्हणाली. आपला आवाज एवढा कोरडा निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. "जिना चढू नकोस."

"ताई, मी तुमच्याच बाजूनं—"

"माहितेय मला. गटारीचे उपकार आहेत तुझे. पण यातली कुठलीच तुला मिळणार नाही."

रविराजचा चेहरा पडला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "तुमच्या समाजानं तरी असं म्हणायला नको होतं," तो बूट घालता घालता म्हणाला. "तुमच्यासाठीच लढतोय आमी." करुणानं दार लावून घेतलं. आता गल्लीत दोन्ही पक्षांशी वाईटपणा आला होता.

खरं संकट दुपारी आलं. लिंथोईच्या वडिलांचा इंफाळहून फोन आला. उंबऱ्यातला व्हिडिओ तिकडं पोचला होता. खाली लिहिलेलं होतं, 'कुकी मुलगी'. चेहरा लिंथोईचा. त्यांच्या वस्तीतल्या पोरांनी तिला ओळखलं आणि घरी येऊन विचारलं, तुमची मुलगी कुकी म्हणून का फिरतेय? त्यांच्या बाजूनं भाषणं देते का? वडील फोनवर ओरडत होते, मागं आई रडत होती. ती मी नाही, दुसरी, एवढंच लिंथोई पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग फोन तुटला.

संध्याकाळी किम आली. येऊ नको म्हणून सांगितलेलं असताना, तोंडाला ओढणी बांधून, मागच्या बोळातून. करुणा तिच्या मागोमाग जिना चढली.

लिंथोई उठून उभी राहिली. ती आपल्या भाषेत काहीतरी जोरात बोलली. लिंथोईनं हातातलं पुस्तक फेकलं, ते किमच्या खांद्याला लागलं. किम तिथंच उभी राहिली. मग तिनं हात पुढं केला, फोन मागायला.

लिंथोईनं दिला नाही. किम हात पुढं करून उभीच. शेवटी लिंथोईनं नंबर लावला आणि फोन तिच्याकडं ढकलला.

"इमा," किम म्हणाली. इमा म्हणजे आई, एवढं करुणाला माहीत होतं.

पुढचं तिला एक अक्षर कळलं नाही. ती फक्त चेहरे बघत होती. किम भराभर बोलत होती, लिंथोईच्या भाषेत, मधेच आपल्या छातीवर बोट ठेवत, जणू पलीकडच्या बाईला ते दिसणार होतं. मग ती थांबली आणि ऐकत राहिली. पलीकडून आवाज चढत होता, उतरत होता. किमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. शेवटी तिनं फोन लिंथोईला दिला आणि आपल्या बाजूला ओढणीआड जाऊन बसली.

"काय म्हणाली तिची आई?" करुणानं हळूच विचारलं.

"म्हणाली, तू खरं सांगतेस ते मला कळलं. लोकांना मी सांगेन. पण तुझा फोन आला होता, हे नाही सांगू शकणार." किमनं नाक पुसलं. "आणि म्हणाली, पुन्हा फोन करू नकोस. शेजारी ऐकतात."

लिंथोईला तिच्या वडिलांनी पुण्यातल्या नातेवाइकाकडं जायला सांगितलं. दोन दिवसांनी करुणानं तिला एसटीत बसवलं. किम आली नाही. तिनं यावं की येऊ नये, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. खोलीतली दोरीवरची ओढणी तशीच राहिली. मतदान झालं. संघपाल ड्यूटी करून थकून आला. किमनं अभ्यास केला, ड्यूटी केली, जेवली. तिच्या वडिलांबद्दल कुणाचाही फोन आला नाही.

निकालाच्या दिवशी करुणा सकाळपासून खिडक्या बंद करून होती. कोण जिंकतंय याची तिला उत्सुकता नव्हती. जिंकणारा गल्लीतून जाताना घरासमोर थांबेल की काय, एवढीच धास्ती होती. दुपारी गुलाल घेऊन पोरं रस्त्यावर आली. मग एकदम कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला, माळ संपेना. वर काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. करुणा धावत गेली.

किम खाटेखाली होती. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे छातीशी. करुणा फरशीवर आडवी झाली आणि तिच्याकडं हात लांबवत म्हणाली, "फटाके आहेत गं. किम, फटाके." किमला ऐकूच येत नव्हतं.

तेवढ्यात करुणाचा फोन वाजला. लिंथोई होती. पुण्यातूनही तोच धडधड आवाज येत होता, आणि लिंथोई धापा टाकत होती.

"आंटी, तिकडंही वाजतायत का?"

"हो गं."

"मी बाथरूममध्ये आहे. दार लावलंय." तिनं श्वास घेतला. "किम कुठं आहे?"

"खाटेखाली."

"फोन तिच्या कानाला लावा. मी सांगते तिला."

करुणानं फोन खाटेखाली सरकवला. बाहेर दुसरी माळ लागली. लिंथोई काय बोलत होती ते तिला कळलं नाही. बराच वेळ ती बोलत राहिली. किम बाहेर आली नाही. पण डोक्यावरचा एक हात तिनं काढला आणि फोन धरला.